क्यूआर कोड स्कॅन करताना: पिन टाकण्याआधी पडद्यावर काय वाचायचे

क्यूआर कोड नुसता स्कॅन केला म्हणून खात्यातले पैसे जात नाहीत. ते जातात त्यापुढच्या पडद्यावर, आपण न वाचता पुढे सरकतो तेव्हा. कुणी पिन टाकतो, कुणी ओटीपी देऊन बसतो, कुणी ‘इन्स्टॉल’ दाबतो, तर कुणी आपले व्हॉट्सॲप भलत्याच माणसाच्या संगणकाला जोडून देतो. मोबाइलवरून नुकतेच पैसे द्यायला लागलेल्यांसाठी आणि घरातल्या मोठ्यांना हे शिकवणाऱ्यांसाठी हा लेख आहे. स्कॅन आणि पिन यांच्या मध्ये तीन-चार सेकंद हातात असतात. त्यात काय वाचायचे, एवढे अंगवळणी पडले की बहुतेक फसवणूक तिथेच अडते.

कोडात असते काय

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत तयार झाला. मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला तो लागत होता. त्या काळ्या-पांढऱ्या चौकटींत साधा मजकूर भरलेला असतो. तो मजकूर वेबसाइटचा पत्ता असू शकतो, वाय-फायचा पासवर्ड असू शकतो किंवा यूपीआयची सूचना असू शकते. आपल्या डोळ्यांना तो वाचता येत नाही, आणि भामट्यांचे सगळे काम याच एका गोष्टीवर चालते.

दुकानातल्या यूपीआय कोडात मुख्यतः चार गोष्टी असतात: पैसे ज्याला जायचे त्याचा यूपीआय आयडी, त्याचे नाव, रक्कम आणि एखादी टीप. यातली रक्कम बहुधा कोरी असते आणि ती आपण भरतो. पेट्रोल पंपावर किंवा मोठ्या दुकानात यंत्राच्या पडद्यावर येणाऱ्या कोडात रक्कम आधीच भरलेली असते. आता महत्त्वाचे: कोडात लिहिलेले नाव कोड बनवणारा हवे ते घालू शकतो. असा कोड फुकटात, मिनिटभरात बनतो. मधोमध बँकेचे किंवा भीम ॲपचे चिन्ह दिसले म्हणून तो खरा ठरत नाही. क्यूआरची रचनाच अशी आहे, की चुका भरून काढण्याच्या सर्वात वरच्या पातळीवर बनवलेल्या कोडाचा साधारण ३० टक्के भाग झाकला गेला तरी तो वाचता येतो. त्या मोकळ्या जागेत कुणीही कुठलेही चिन्ह चिकटवू शकतो.

दुकानात पैसे देताना

१. आधी कोडाकडे नीट बघा. स्टिकरवर दुसरा स्टिकर आहे का? कडा उचललेली दिसते का, नखाला पायरी लागते का, खालच्या छापील कागदाचा रंग बाजूने डोकावतो का? खऱ्या कोडावर आपला कोड चिकटवायचा ही सर्वात सोपी चोरी आहे. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशात खजुराहोला रात्रीतून अनेक दुकानांबाहेरचे कोड असेच बदलले गेले. गिऱ्हाईक पैसे देत होते आणि ते तिसऱ्याच खात्यात जमा होत होते.

२. स्कॅन यूपीआय ॲपमधूनच करा. फोनच्या कॅमेऱ्याने केलात तर फोन एखादी लिंक उघडू शकतो किंवा कुठल्या ॲपने पैसे द्यायचे ते विचारत बसतो. ॲपमधून स्कॅन केल्यावर वेबसाइट उघडू लागली, तर तो पैसे देण्याचा कोडच नव्हे. तिथेच थांबा.

३. नाव वाचा आणि मोठ्याने विचारा. पैसे देण्याआधी बँकेत नोंदवलेले खरे नावच दाखवावे, कोडात भरलेले नाव नव्हे, असे यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने २०२५ मध्ये सगळ्या यूपीआय ॲपना बंधनकारक केले. त्यासाठी ३० जूनची मुदत होती. त्यामुळे पडद्यावरचे नाव हा आपल्या हातातला सर्वात भक्कम पुरावा आहे. अडचण एवढीच, की पाटीवर किराणा स्टोअर्सचे नाव असते आणि पडद्यावर मालकाचे, त्याच्या बायकोचे नाहीतर भावाचे येते. म्हणून अंदाज बांधू नका. “दादा, कोड कुणाच्या नावावर आहे?” असे विचारा, आणि ऐकलेले नाव पडद्यावरच्या नावाशी जुळते का ते बघा. नाव आधी तुम्ही सांगू नका. तुम्ही नाव वाचून दाखवलेत, तर घाईत असलेला माणूस न ऐकताच ‘हो हो’ म्हणतो.

४. रक्कम आकडा आकडा करून वाचा. १५० च्या जागी १५०० पडणे ही फसवणूक नसते, पण पैसे परत मागताना त्रास तेवढाच होतो.

५. त्यानंतरच पिन टाका आणि पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणाऱ्या साउंडबॉक्सचा आवाज होईपर्यंत थांबा. तुमच्या फोनवर हिरवी खूण आली पण दुकानातला बॉक्स गप्प राहिला, तर एक तर नेटवर्क अडले आहे किंवा पैसे दुसरीकडे गेले आहेत. व्यवहार उघडून नाव पुन्हा वाचा आणि १२ अंकी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, दुकानदाराला दाखवा.

गणेश मंडळाची वर्गणी, देवस्थानाची देणगी, अपघातग्रस्ताला मदत अशा ठिकाणी तिसरी पायरी आणखी कडक ठेवा. नोंदणीकृत मंडळाचे किंवा न्यासाचे खाते त्याच्याच नावावर असते. पडद्यावर एखाद्या व्यक्तीचे नाव आले, तर रोख देऊन पावती घ्या. मंदिराच्या आवारात खांबावर चिकटवलेल्या कोडाला पैसे देण्यापेक्षा कार्यालयाच्या खिडकीतला कोड वापरा. श्रद्धेने दिलेले पैसे भामट्याच्या खिशात जाणे फार वाईट, आणि अशा ठिकाणी नंतर तक्रारही कुणी करत नाही.

पैसे घेताना

इथे नियम एकच आहे आणि त्याला अपवाद नाही: पैसे मिळवायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. स्कॅन आणि पिन दोन्ही पैसे देण्यासाठी असतात.

तरीही या सापळ्यात शिकलेसवरलेले लोकही अडकतात, कारण तो रचून लावलेला असतो. तुम्ही जुना सोफा किंवा फ्रिज ऑनलाइन विकायला ठेवता. लगेच फोन येतो. भाव न करता समोरचा तयार होतो. आपण लष्करात किंवा निमलष्करी दलात आहोत, बदली झाली आहे, माणूस पाठवून वस्तू उचलतो, असे सांगतो आणि ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. मग येतो एक क्यूआर. “हा स्कॅन करा, आगाऊ पैसे जमा होतील.” आधी पाच-दहा रुपये खरेच पाठवून विश्वास बसवला जातो. पुढच्या कोडात रक्कम भरलेली असते आणि टिपेच्या जागी इंग्रजीत ‘पैसे मिळवा’ असे लिहिलेले असते. ती टीप कोड बनवणाऱ्याने लिहिलेली आहे, ॲपने नव्हे. त्याच पडद्यावर खाली बटणावर ‘पे’ असते. टीप सोडा, बटण वाचा.

याच्याच जोडीला ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ची फसवणूक चालायची, म्हणजे समोरच्याने पैसे मागायचे आणि आपण पिन टाकून मान्यता द्यायची. व्यक्ती-व्यक्तींमधल्या अशा मागण्या एनपीसीआयने ऑक्टोबर २०२५ पासून बंद केल्या. व्यापाऱ्यांच्या मागण्या चालू आहेत. दार एका बाजूने बंद झाले, त्यामुळे कोड पाठवून फसवणाऱ्यांपासून आता जास्त सावध राहायला हवे.

पिनशिवाय जाणारे पैसे

‘पिन टाकला नाही तर काही होत नाही’ हे नवख्यांना सांगितले जाते, ते पूर्ण खरे नाही. यूपीआय लाइट, म्हणजे छोट्या रकमांसाठी ॲपमध्ये आधी पैसे भरून ठेवायची सोय, चालू असेल, तर व्यवहारामागे १,००० रुपयांपर्यंतची रक्कम पिन न विचारता जाते. लाइटमध्ये एका वेळी जास्तीत जास्त ५,००० रुपये ठेवता येतात. चहा-भाजीसाठी सोय उत्तम आहे, पण लाइटवर हात बसला की नाव वाचायची सवय मोडते. घरातल्या वयस्करांच्या फोनवर लाइटमध्ये ५०० रुपयेच ठेवा.

दुसरी गोष्ट ऑटोपेची. काही कोड एकदाच पैसे घेत नाहीत. ते दर महिन्याला पैसे कापण्याची परवानगी मागतात. पिन पहिल्यांदाच लागतो. त्यानंतर १५,००० रुपयांपर्यंतची वर्गणी पिनशिवाय कापली जाऊ शकते. पडद्यावर ‘मँडेट’, ‘ऑटोपे’ किंवा मासिक, साप्ताहिक अशी वारंवारता दिसली की थांबा. आत्ताच ॲपमध्ये ऑटोपेचे पान उघडून यादी बघून घ्या. विसरलेल्या एक-दोन वर्गण्या बहुतेकांना तिथे सापडतात. नको असलेली तिथल्या तिथे रद्द करता येते.

तिसरी खबरदारी बँकेच्या पातळीवरची. पगाराचे किंवा निवृत्तिवेतनाचे मुख्य खाते यूपीआयला जोडू नका. एक वेगळे बचत खाते उघडा, त्यात आठवड्याच्या खर्चापुरते पैसे टाका आणि यूपीआय त्यालाच जोडा. व्यक्ती-व्यक्तींमधल्या व्यवहारांना यूपीआयची मर्यादा दिवसाला १ लाख रुपये आहे, म्हणजे एक चूक तेवढ्याला पडू शकते. खात्यात ४,००० असतील तर ४,००० च जातील. या लेखातले एकच काम आज करणार असाल, तर हे करा.

लिंक उघडणारे कोड

हॉटेलातला मेन्यू, पार्किंगची पावती, दारावर सरकवलेली ‘पार्सल पोचले नाही’ची चिठ्ठी, वीज तोडण्याची धमकी देणारा संदेश, गाडीच्या चलानाची नोटीस या सगळ्यांतला कोड वेबसाइट उघडतो. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात जानेवारी २०२२ मध्ये पार्किंगच्या यंत्रांवर असे बनावट कोड सापडले. गंमत म्हणजे ते शहर पार्किंगचे पैसे क्यूआरने घेतच नव्हते. त्याच महिन्यात एफबीआय या अमेरिकेच्या तपास संस्थेने बदललेल्या क्यूआरबद्दल इशारा दिला. ब्रिटनमध्येही पार्किंगच्या जागी हा प्रकार होतो, त्यामुळे बाहेरदेशी राहणाऱ्यांनी पार्किंगचे ॲप आधीच उतरवून ठेवावे आणि फलकावरचा ठिकाणाचा क्रमांक त्यात हाताने टाकावा.

फोनच्या मूळ कॅमेऱ्यात कोड धरला की पत्ता पडद्यावर दिसतो आणि तुम्ही दाबेपर्यंत उघडत नाही. तो वाचायची रीत अशी: सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडा आणि त्यानंतरची पहिली एकटी तिरकी रेघ शोधा. तिच्या लगेच डावीकडे जे आहे तेच खरे घर, आणि वाचायचे उजवीकडून डावीकडे. समजा पत्ता असा आहे: ‘परिवहन डॉट गव्ह डॉट इन डॉट चलान-भरा डॉट टॉप’ आणि मग तिरकी रेघ. सुरुवात सरकारी वाटते, पण मालक ‘चलान-भरा डॉट टॉप’ आहे. सरकारी पत्ता असेल तर रेघेच्या डावीकडे बहुधा ‘गव्ह डॉट इन’ हेच शेवटचे असते. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने आता ‘डॉट बँक डॉट इन’ हा वेगळा शेवट ठरवून दिला आहे आणि तिकडे जाण्यासाठी बँकांना ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत मुदत दिली होती. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो, म्हणून तो लक्षात ठेवा.

पत्ता आखूड केलेला असेल तर खरे घर दिसतच नाही. शिवाय अशा लिंकचा मालक छापलेला कोड न बदलता मागची वेबसाइट बदलू शकतो. गेल्या महिन्यात ठीक निघालेला कोड आजही ठीक आहे असे समजू नका. वीजबिल, चलान, मालमत्ता कर यांसाठी कोड वापरायची गरजच नाही. अधिकृत ॲप उघडा, ग्राहक क्रमांक किंवा गाडीचा क्रमांक टाका आणि थकबाकी खरी आहे का ते बघा.

मेन्यूच्या कोडाने मोबाइल क्रमांक आणि ओटीपी मागितला, तर छापील मेन्यू मागा. मिसळ मागवायला ओटीपी लागत नाही. हा क्रमांक पुढे जाहिरातींच्या याद्यांत फिरतो आणि तिथून फसवे फोन सुरू होतात.

ॲप उतरवायला लावणारे कोड

अँड्रॉइड फोनवर सर्वात मोठे नुकसान इथे होते. कोड उघडतो, पान म्हणते ‘चलान बघण्यासाठी ॲप घ्या’, आणि एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी फाइल, उतरते. बसवल्यावर ते ॲप एसएमएस वाचण्याची आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागते. पहिलीने ओटीपी वाचता येतात, दुसरीने पडद्यावर काय चालले आहे ते बघता येते आणि तुमच्या जागी बटणेही दाबता येतात. मग पिन तुम्हाला कुणाला सांगावाही लागत नाही.

बचाव सोपा आहे. फोनच्या सेटिंगमध्ये ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल करा’ शोधा आणि ब्राउझर, व्हॉट्सॲप, फाइल्स या तिघांची परवानगी बंद ठेवा. कोड वाचायला वेगळे स्कॅनर ॲप घेऊ नका. फोनचा कॅमेरा पुरतो. प्ले स्टोअरवरच्या १ कोटीहून जास्त फोनांत असलेल्या एका बारकोड स्कॅनर ॲपमध्ये २०२० च्या अखेरीस अपडेटमधून घातक कोड घुसवला गेला होता. वर्षानुवर्षे नीट चाललेले ॲप एका रात्रीत बिघडले.

असे ॲप बसवले गेलेच, तर लगेच विमान मोड लावा, वाय-फाय बंद आहे ना ते बघा आणि दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवा. ॲप नुसते काढून भागेल असे धरू नका. फोटो आणि संपर्क वाचवून फोन फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे सगळे पुसून नव्यासारखा करा. पासवर्ड आणि यूपीआय पिन त्यानंतरच बदला. आधी बदललेत तर नवेही चोराला दिसतील.

व्हॉट्सॲप जोडून घेणारे कोड

‘भाचीला स्पर्धेत मत द्या’, ‘गटात सामील व्हा’ असे सांगून दिलेला कोड प्रत्यक्षात व्हॉट्सॲप वेबचा असू शकतो. तो व्हॉट्सॲपमधून स्कॅन केला की तुमचे संदेश समोरच्याच्या संगणकावर उघडतात आणि तुमच्या नावाने नातेवाइकांकडे पैसे मागितले जातात. सिग्नल या संदेश पाठवायच्या ॲपवरही हाच डाव चालतो. रशियाशी संबंधित हॅकरांनी युक्रेनमधल्या लोकांची सिग्नल खाती असे कोड देऊन जोडून घेतल्याचे गूगलने फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड केले. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘लिंक केलेली डिव्हाइस’ उघडा. ओळखीचे नसलेले दिसले की त्यावर दाबून लॉग आउट करा. ‘डिव्हाइस लिंक करा’ असे लिहिलेल्या पानावरून कोड फक्त स्वतःच्या संगणकासाठीच स्कॅन करायचा.

दुकानदारांसाठी

दुकान उघडल्यावर पहिले काम: दुसऱ्या फोनवरून आपलाच कोड स्कॅन करा आणि नाव वाचा. पैसे पाठवायची गरज नाही, नाव दिसले की मागे या. दहा सेकंदांचे काम आहे. दुकानात चार कोड लावले असतील तर चारही तपासा. भिंतीवर उघडा स्टिकर लावू नका. ॲक्रिलिकच्या स्टँडमध्ये, काचेच्या आतल्या बाजूने कोड ठेवा आणि रात्री स्टँड आत घ्या. हातगाडी असेल तर कोड गळ्यातल्या कार्डावर बरा. कोडाखाली बँकेत असलेले नाव मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून ठेवा, म्हणजे गिऱ्हाइकालाच जुळवून बघता येईल.

गिऱ्हाइकाच्या फोनवरची हिरवी खूण हा पुरावा नव्हे. तसा पडदा हुबेहूब दाखवणारी खोटी ॲप मिळतात. साउंडबॉक्स बोलला किंवा तुमच्या ॲपमध्ये रक्कम दिसली, तरच माल द्या. बँकेचा किंवा पेमेंट कंपनीचा माणूस असल्याचे सांगून कुणी “कोड अपडेट करायचा आहे” म्हणत नवा स्टिकर लावायला आला, तर त्याला थांबवून ग्राहक सेवेला स्वतः फोन लावा.

पैसे गेले तर

पहिला फोन १९३० ला लावा. ही राष्ट्रीय सायबर गुन्हे हेल्पलाइन आहे. इथे नोंद झाली की पैसे ज्या बँकेत गेले तिला सूचना जाते आणि पुढच्या खात्यात सरकण्याआधी रक्कम गोठवता येते. भामटे पैसे मिनिटांत तीन-चार खात्यांतून फिरवतात, त्यामुळे आधी घरच्यांशी चर्चा आणि मग तक्रार असा क्रम ठेवू नका. फोन करताना हे हाताशी असू द्या: तुमच्या बँकेचे नाव आणि खाते क्रमांक, १२ अंकी यूटीआर, रक्कम, तारीख, वेळ आणि समोरच्याचा यूपीआय आयडी. फोन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार टाका. कोड, चॅट आणि व्यवहाराचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. संतापून चॅट पुसू नका.

दुसरा फोन बँकेला. क्रमांक डेबिट कार्डाच्या मागून किंवा पासबुकातून घ्या, इंटरनेटवर शोधू नका, कारण तिथे खोटे ग्राहक सेवा क्रमांक टाकून ठेवलेले असतात. यूपीआय बंद करायला सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार, पिन किंवा ओटीपी ग्राहकाने स्वतः दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाला सोसावे लागते. कळवल्यानंतरचे बँकेने सोसायचे. ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कुणामुळे व्यवहार झाला असेल आणि ३ कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल, तर ग्राहकावर काहीच जबाबदारी येत नाही. म्हणूनच कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक जपून ठेवायचा.

मग यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहारावर तक्रार नोंदवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात १९३० चा पोच क्रमांक घेऊन जा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला शुल्क नाही, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

तक्रारीनंतरच्या आठवड्यांत एक फोन येण्याची शक्यता धरून चाला: “आम्ही सायबर विभागातून बोलतोय, तुमची रक्कम सापडली आहे, परताव्यासाठी हा कोड स्कॅन करा.” पोलीस किंवा बँक परताव्यासाठी कोड पाठवत नाहीत आणि शुल्कही मागत नाहीत. फोन ठेवा आणि तो क्रमांक आधीच्या तक्रारीत जोडा.